हटो, टेक्सास : काळी माती, पाणघोडा आणि शाळेचा कर

कपाशी

ऑस्टिनच्या आसपास घर शोधणाऱ्यांच्या तोंडी हल्ली हटोचं नाव फार येतं. राऊंड रॉक परवडत नाही, मग तिथून सात-आठ मैल पूर्वेला सरकायचं. चौकशी मात्र दोनच गोष्टींची होते: घर केवढ्याला आणि शाळेचं रेटिंग काय. कर कोण लावतं, किती आणि कशापायी, हे बहुतेकांना दुसऱ्या वर्षी एस्क्रोचं (म्हणजे बँक कर भरण्यासाठी हप्त्यातून बाजूला काढते त्या रकमेचं) पत्र हातात पडल्यावर कळतं. मी याच गावात राहते आणि मला ते मनापासून आवडतं, म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं आहे की इथला कर म्हणजे गाव भराभर वाढल्याची किंमत आहे. ती किती असावी हे ठरवणाऱ्या निवडणुका आणि बैठका आपल्या डोळ्यांदेखत होतात आणि आपली माणसं तिकडे फिरकत नाहीत.

आधी गावाबद्दल. जेम्स एमरी हटो हा गुरं पाळणारा माणूस १८५५ मध्ये ट्रॅव्हिस काउंटीतून इकडे आला. १८७६ मध्ये इंटरनॅशनल अँड ग्रेट नॉर्दर्न रेल्वे इथून गेली, तेव्हा त्याने गावठाणासाठी ५० एकर जमीन विकली आणि स्टेशनला त्याचं नाव पडलं. तो स्वतः १८८५ मध्ये वेकोला हार्डवेअरच्या धंद्यासाठी निघून गेला. पण या माळावरच्या पहिल्या रहिवाशांत अ‍ॅडम ऑर्गेनचं नाव घेतलं जातं. तो गुलाम होता आणि मालकाने त्याला गुरं राखायला इथे ठेवलं होतं. गावाचा इतिहास सांगताना नुसतं जमीनमालकाचं नाव सांगून थांबू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पुढे स्वीडिश आणि जर्मन शेतकरी आले आणि कापूस आला. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्यासारखीच ही काळी, चिकण, कापसाची जमीन. पावसात फुगते, ऑगस्टच्या उन्हात भेगाळते, आणि भेग अशी की हात घालावा. घर घेणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा. नव्या घरांचा पाया बहुतेक ठिकाणी पोस्ट-टेन्शन स्लॅबचा (आतून ताणलेल्या पोलादी तारांच्या काँक्रीटचा) असतो, तरीही एका बाजूची माती सुकली आणि दुसऱ्या बाजूची ओली राहिली की स्लॅब वाकतो, दारं घासायला लागतात, खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका तडा जातो. उन्हाळ्यात पायाभोवती झिरपणारी नळी लावून ओल सारखी राखायची, आणि पन्हळीचं पाणी भिंतीपाशी साचू द्यायचं नाही. इथले जुने लोक पहिली गोष्ट हीच सांगतात.

पाणघोड्याची गोष्ट अशी सांगतात की १९१५ मध्ये सर्कसची गाडी स्टेशनात थांबली असताना एक पाणघोडा निसटला आणि कॉटनवूड क्रीकमध्ये जाऊन बसला. स्टेशनमास्तरने शेजारच्या स्टेशनांना तार केली की गाड्या थांबवा, हटोत पाणघोडा सुटलाय. ही आख्यायिका आहे, पण गावाने ती जिवापाड जपली. शाळेचं मानचिन्ह पाणघोडा आहे, दुकानांपुढे आणि घरांपुढे काँक्रीटचे पाणघोडे आहेत, आणि २००३ मध्ये विधिमंडळाने हटोला टेक्सासची पाणघोड्यांची राजधानी ठरवलं. शाळेच्या सामन्याला नारिंगी शर्ट घालून गेलात की चार अनोळखी माणसं आपणहून बोलतात. परक्या देशात मुलांना आपलं म्हणता येईल असं काहीतरी मिळतं, ही लहान गोष्ट नाही.

आता आकडे. जनगणनेनुसार हटोची लोकसंख्या १९९० मध्ये ६३०, २००० मध्ये १,२५०, २०१० मध्ये १४,६९८ आणि २०२० मध्ये २७,५७७. राऊंड रॉकमध्ये डेल होतीच, मग २००६ पासून १३० क्रमांकाचा टोलरस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि ऑस्टिनच्या नोकऱ्या आवाक्यात आल्या. कापसाची जुनी जिन जिथे होती तिथे आज नगरपालिकेची कचेरी आणि वाचनालय आहे. जिनचा लोखंडी सांगाडा ठेवून दिला आहे, तो बघायला मुलांना जरूर न्या.

तीस वर्षांत सहाशेचे सत्तावीस हजार झाले की शाळा कुठून येणार? कर्ज काढून. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, २०१९ मध्ये मतदारांनी घटनेतच त्याला बंदी घातली. राज्याला मालमत्ता कर लावायलाही घटनेची मनाई आहे. म्हणजे स्थानिक संस्थांच्या हाती उरतो मुख्यतः घरावरचा कर, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा शाळेचा. स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आयएसडी, ही नगरपालिकेपासून स्वतंत्र संस्था आहे. तिची हद्द वेगळी, तिचं निवडून आलेलं बोर्ड वेगळं. पत्त्यात ‘हटो’ आहे म्हणून शाळा हटो आयएसडीचीच असेल असं धरून चालू नका. काउंटीच्या नकाशावर घर नंबर टाकून बघा.

बिलावर साधारण या ओळी दिसतात: विल्यमसन काउंटी, काउंटीच्या रस्त्यांचा वेगळा कर, हटो शहर, हटो आयएसडी, आणि ईएसडी, म्हणजे अग्निशमनासारख्या तातडीच्या सेवांचा डिस्ट्रिक्ट. काही वसाहतींत याच्या जोडीला ‘मड’ किंवा ‘पिड’. शाळेच्या दराचे पुन्हा दोन भाग असतात. एक रोजच्या खर्चाचा, म्हणजे पगार, वीज, बस. दुसरा कर्जफेडीचा. भराभर वाढणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये हा दुसरा भाग जड असतो, कारण मुलं वर्गात येऊन बसायच्या आधी इमारत उभी असावी लागते. नवं कर्ज काढताना फेडीचा दर १०० डॉलरमागे ५० सेंटच्या आत राहील हे डिस्ट्रिक्टला दाखवावं लागतं.

एक हिशेब मांडते. घराची किंमत ४ लाख डॉलर धरा. स्वतः राहत असाल तर शाळेच्या करासाठी १ लाख ४० हजारांची होमस्टेड सूट. २०२३ मध्ये ती १ लाख झाली होती, नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात आणखी ४० हजार वाढली. उरले २ लाख ६० हजार. दर १०० डॉलरमागे असतो, म्हणजे शाळेचा दर एका सेंटने हलला की तुमचं वर्षाचं बिल २६ डॉलरने हलतं. बॉण्डच्या, म्हणजे शाळेसाठी कर्ज काढू द्यायचं का या मतदानाच्या, प्रचारात कुणी ‘अमुक सेंट’ म्हणालं की या हिशेबाने स्वतः गुणाकार करा. सूट न घेतलेल्या घराला तोच सेंट ४० डॉलरला पडतो.

नवं घर घेणाऱ्यांचा घोळ हमखास इथे होतो. मूल्यांकन १ जानेवारीच्या स्थितीवर होतं. त्या दिवशी तुमच्या जागेवर नुसता स्लॅब असेल तर पहिल्या वर्षीचं बिल प्लॉटचं येतं. बँक त्यावरून एस्क्रो ठरवते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल येतं, मागची तूट आणि पुढची वाढ एकदम वसूल होते, आणि महिन्याचा हप्ता कित्येकशे डॉलरने वर जातो. बिल्डरच्या कचेरीत पहिल्या वर्षाचा कर दाखवून ‘बघा किती कमी’ म्हणतात. तो आकडा बाजूला ठेवा. शेजारच्या दोन-तीन वर्षं जुन्या घराचं बिल काउंटीच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतं, ते काढा आणि तो आकडा धरून बजेट करा.

---

राऊंडरॉककर

उत्तम लिहिलंय. हप्ता वाढण्याचा मुद्दा ठळक अक्षरात हवा. आमच्या ओळखीत एका कुटुंबाने त्याच झटक्यात दुसरी गाडी विकली.

एक शंका. आमचे आईबाबा ग्रीनकार्डावर आमच्याकडेच राहतात, दोघंही सत्तरीच्या पुढे. ज्येष्ठांची सूट आम्हाला मिळेल का?

कपाशी

@राऊंडरॉककर, घर त्यांच्या नावावर नसेल तर नाही. ज्येष्ठांची सूट मालकाला आहे, घरात राहणाऱ्याला नाही. मालकांपैकी कुणी ६५ पूर्ण केलेलं असेल आणि ते त्यांचं राहतं घर असेल तर मिळते. ती शाळेच्या करात आता ६० हजारांची आहे, वर दिलेल्या १ लाख ४० हजारांच्या वर. शिवाय शाळेच्या कराची रक्कम त्या वर्षी गोठते आणि घरात नवं बांधकाम केलं नाही तर पुढे वाढत नाही.

पण नुसत्या सुटीसाठी आईवडिलांचं नाव डीडवर (घराच्या मालकीच्या कागदावर) चढवण्याआधी वकिलाशी बोला. वारसा, कर्ज, भावंडांचे हक्क असं बरंच काही त्यात गुंतलेलं असतं.

नवीन_भाडेकरू

मी एच-१बी वर आहे, या वर्षी हटोत किंवा शेजारच्या टेलर गावात घर घ्यायचं ठरतंय. आम्हाला होमस्टेड मिळतं का? रिअल्टर म्हणतो ग्रीनकार्ड लागतं.

कपाशी

@नवीन_भाडेकरू, होमस्टेडच्या कायद्यात नागरिकत्वाची किंवा ग्रीनकार्डाची अट नाही. घर तुमच्या मालकीचं आणि मुख्य राहतं असावं, आणि टेक्सासच्या लायसन्सवर किंवा आयडीवर त्याच घराचा पत्ता असावा. म्हणून क्लोजिंग (खरेदीच्या अंतिम सह्या) झालं की आधी लायसन्सवरचा पत्ता बदला आणि मग अर्ज करा. अर्ज जॉर्जटाऊनच्या अप्रेझल (मूल्यांकन) कचेरीत जातो, ऑनलाइन भरता येतो आणि फुकट आहे. ‘आम्ही भरून देतो’ म्हणत पैसे मागणारी सरकारी दिसणारी पत्रं घरी येतील, ती फेकून द्या.

आधीच्या मालकाने त्या वर्षी सूट घेतली नसेल तर तुम्हाला खरेदीच्या दिवसापासून मिळते, पुढच्या जानेवारीची वाट बघावी लागत नाही. आणि होमस्टेड लागल्यावर पुढच्या वर्षापासून करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही.

टेलरवाला

सॅमसंगचं कुणीच काढलं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये १७ अब्ज डॉलरच्या कारखान्याची घोषणा झाली तेव्हापासून या पट्ट्यातल्या जमिनीचे भाव बघा. कारखाना टेलरमध्ये, त्याचा शाळेचा कर टेलर आयएसडीला, आणि तोही तेव्हाच्या ‘३१३’ कलमाखाली सवलतीने. तिथे कामाला जाणारी माणसं मात्र हटोत घरं घेतात आणि त्यांची मुलं हटोच्या शाळेत. कर एका गावाला आणि वर्ग दुसऱ्या गावाने बांधायचे.

कपाशी

@टेलरवाला, हा मुद्दा माझ्या लेखात यायलाच हवा इतका महत्त्वाचा आहे, आभार. निवासी गावाचं दुखणं नेमकं हेच. घर जितका कर देतं, त्याहून त्यातली मुलं शाळेत जास्त खर्चाची असतात, आणि तो फरक भरून काढायला दुकानं, गोदामं, कारखाने हद्दीत लागतात. म्हणून नगरपालिका ७९ नंबरच्या रस्त्याकडेला उद्योग आणायची धडपड करते. गावात खरेदी केली तर त्याचाही उपयोग होतो. विक्रीकरात राज्याचे ६.२५ टक्के आणि स्थानिक जास्तीत जास्त २, असे मिळून ८.२५ होतात. किराण्यातल्या न शिजवलेल्या जिनसांवर तो नसतो.

पेकान

रस्त्याच्या एका बाजूला आमची वसाहत, दुसऱ्या बाजूला मक्याचं शेत. त्या शंभर एकरांना आमच्या पाव एकराहून कमी कर. हे कुठल्या न्यायात बसतं? तिथे कधीतरी बिल्डर येणारच आहे.

कपाशी

@पेकान, शेतजमिनीचं मूल्यांकन बाजारभावाने होत नाही, पिकाच्या उत्पन्नावरून होतं. मी या सवलतीच्या बाजूने आहे. ती नसती तर इथल्या शेतकऱ्याला पहिल्या भाववाढीतच विकावं लागलं असतं. जमीन बिगरशेती केली की मागच्या तीन वर्षांचा फरक वसूल होतो. जमिनीचे भाव ज्या वेगाने वाढतात त्यापुढे तीनच वर्षं मला कमी वाटतात. २०१९ आधी ती पाच होती आणि वर व्याजही होतं.

जुनी_शाळा

शाळेच्या पैशाचा इतिहास थोडा जोडतो, कारण ‘रॉबिन हूड’ हा शब्द इथे सगळे वापरतात आणि तो कुठून आला हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सॅन अँटोनियोच्या एजवुड भागातल्या मुलांच्या शाळेची इमारत मोडकळीला आली होती. तिथे घरं स्वस्त, त्यामुळे दर जास्त लावूनही कर थोडाच जमायचा. शेजारच्या श्रीमंत डिस्ट्रिक्टमध्ये कमी दराने जास्त पैसा. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज या पत्रेकाम करणाऱ्या कामगाराने इतर पालकांबरोबर खटला भरला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. मग टेक्सासच्या घटनेच्या आधारे नवा खटला उभा राहिला आणि १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एजवुडच्या बाजूने निकाल दिला. त्यातून १९९३ चा कायदा आला: श्रीमंत डिस्ट्रिक्टने ठरावीक मर्यादेवरचा पैसा राज्याला द्यायचा. यालाच ‘रॉबिन हूड’ म्हणतात.

ऑस्टिनमधली मंडळी यावर फार चिडतात. पण गरीब वस्तीतल्या मुलाची शाळा त्याच्या बापाच्या घराच्या किमतीवर ठरू नये, ही मागणी मला आजही शंभर टक्के पटते. आणि हे पैसे फक्त रोजच्या खर्चाच्या भागातून जातात. बॉण्डच्या कर्जफेडीचा कर पूर्ण आपल्याच डिस्ट्रिक्टमध्ये राहतो.

राऊंडरॉककर

@जुनी_शाळा, सुंदर. मग राज्य भरपूर देत असेल ना आता?

जुनी_शाळा

पुरेसं नाही. विद्यार्थ्यामागची मूळ रक्कम २०१९ मध्ये ६,१६० डॉलर झाली आणि महागाई एवढी वाढूनही २०२५ पर्यंत तिथेच राहिली. त्या वर्षी विधिमंडळाने त्यात फक्त ५५ डॉलर घातले. शिक्षकांच्या पगारवाढीसाठी आणि विमा, वीज, बस अशा ठरावीक खर्चांसाठी वेगळे पैसे दिले, ते चांगलं झालं, पण मूळ रक्कम महागाईच्या मागेच राहिली.

सहज_विचारतो

हे सगळं वाचून वाटतं पुणं बरं. आमच्या फ्लॅटचा वर्षाचा मिळकत कर इथल्या एका महिन्याच्या कराहून कमी आहे.

कपाशी

@सहज_विचारतो, पण त्या करात मुलाची शाळा येत नाही हो. पुण्यात आपल्यासारखी बहुतेक कुटुंबं महापालिकेच्या शाळेत मूल घालतच नाहीत, खाजगी शाळेची फी आणि बसचे पैसे वेगळे मोजतात. इथे एकाच गल्लीतल्या नर्सचं, ट्रकचालकाचं आणि इंजिनिअरचं मूल एकाच बसने एकाच शाळेत जातं. माझ्या मुलीच्या वर्गात हे मी रोज बघते आणि त्यासाठी कर द्यायला माझी ना नाही. मला फक्त तो पैसा कुठे जातो ते कळायला हवं.

नवीन_भाडेकरू

वर ‘मड’ म्हणालात ते काय? एका घराच्या जाहिरातीत बारीक अक्षरात दिसलं.

टेलरवाला

मी सांगतो. शहराची पाण्याची आणि सांडपाण्याची वाहिनी जिथे पोचली नाही तिथे बिल्डर म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट स्थापन करून घेतो. वाहिन्या, पावसाच्या पाण्याचे निचरे बांधायला मड कर्ज काढतं आणि तुम्ही कराच्या रूपाने ते फेडता. कर्ज फिटत जाईल तसा दर सहसा खाली येतो, म्हणून जुनं मड नव्यापेक्षा बरं. घर घेताना मडची नोटीस सहीसाठी देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ती क्लोजिंगच्या गठ्ठ्यात वाचू नका, ऑफर देण्याआधी मागून घ्या. पिड, म्हणजे पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, वेगळं. ते ठरवून दिलेलं आकारणीचं देणं असतं आणि होमस्टेडच्या सुटीने ते कमी होत नाही.

पेकान

घराच्या मूल्यांकनाविरुद्ध प्रोटेस्ट दरवर्षी करता का? एजंटला देऊ की स्वतः?

कपाशी

स्वतः करा, एकदा तरी. एप्रिलच्या सुमाराला मूल्यांकनाची नोटीस येते. मुदत १५ मे किंवा नोटिशीपासून ३० दिवस, यातलं जे नंतरचं असेल ते. अर्जात बाजारभाव जास्त लावला आणि इतरांच्या तुलनेत असमान लावला, अशा दोन्ही कारणांवर खूण करा. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत जाहीर करण्याची सक्ती नाही, त्यामुळे विकल्या गेलेल्या घरांचे आकडे रिअल्टरकडून मिळवावे लागतात. असमानतेच्या कारणाला मात्र शेजाऱ्यांची मूल्यांकनं पुरतात आणि ती सगळी संकेतस्थळावर आहेत. कचेरीकडे त्यांचे पुरावे मागा, सुनावणीच्या १४ दिवस आधी ते मिळायला हवेत. पायाला तडा असेल तर फोटो आणि दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक न्या. काळ्या मातीतल्या घरांसाठी हा खरा पुरावा आहे आणि तो फार कमी लोक वापरतात.

एक मात्र लक्षात असू द्या. प्रोटेस्टमध्ये किंमत ठरते, दर ठरत नाही. तिथल्या माणसाला ‘कर फार आहे’ म्हणून सांगून उपयोग नाही. दर स्कूल बोर्ड, नगरपालिका आणि काउंटी ठरवतात, बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

राऊंडरॉककर

आणि आपल्यापैकी निम्म्यांना मतच नाही. कर भरायचा आणि गप्प बसायचं.

कपाशी

@राऊंडरॉककर, गप्प का बसायचं? मत देता येत नाही, बोलता येतं. बोर्डाच्या बैठकीत विषयपत्रिकेवरच्या कुठल्याही विषयावर, निर्णय व्हायच्या आधी, लोकांना बोलू द्यावं लागतं असा राज्याचा कायदा आहे. बैठकीआधी नाव नोंदवायचं, आपली वेळ आली की उठायचं. कुणी पासपोर्ट विचारत नाही. मी गेले आहे. पहिल्या रांगेत निवृत्त शेतकरी, मागे दोन-तीन शिक्षिका, बाकी खुर्च्या रिकाम्या, आणि चर्चा नव्या प्राथमिक शाळेच्या हद्दीची, ज्यात आपल्याच वसाहतीतली पन्नासेक देशी घरं येत होती.

आणि ज्यांना मत आहे त्यांच्यावर माझा राग आहे. नोव्हेंबरमध्ये अध्यक्षासाठी रांग लावतात आणि मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, स्थानिक मतदानाला, घरी बसतात. शाळेच्या बॉण्डच्या मतपत्रिकेवर २०१९ पासून मोठ्या अक्षरात ‘ही मालमत्ता करवाढ आहे’ असं छापणं बंधनकारक आहे, दर वाढणार नसला तरीही. नुसतं तेवढं वाचून ‘नाही’वर खूण करणारे बरेच असतात. बॉण्ड मतदानात नामंजूर झाला म्हणून मुलं येणं थांबत नाही. शाळेच्या मागे तात्पुरत्या पत्र्याच्या वर्गखोल्या येतात, आणि त्यांचा खर्च मग पगाराच्या भागातून निघतो.

सहज_विचारतो

म्हणजे प्रत्येक बॉण्डला हो म्हणायचं?

कपाशी

नाही. वर्गखोल्या आणि स्टेडियम हल्ली मतपत्रिकेवर वेगवेगळे असतात, प्रत्येकाचा वेगळा निर्णय घ्या. मी वर्गखोल्यांना हो म्हणते. स्टेडियमच्या वेळी डिस्ट्रिक्टचा पटसंख्येचा अंदाज आणि कर्जफेडीचं वेळापत्रक बघते, दोन्ही त्यांच्या संकेतस्थळावर असतात.

नवीन_भाडेकरू

आज एका घराचं मागच्या तीन वर्षांचं बिल काढलं. पहिल्या वर्षीचा कर दुसऱ्या वर्षीच्या पाव सुद्धा नव्हता! बिल्डरच्या माणसाने मला पहिल्या वर्षीचाच दाखवला होता. मडही आहे. तो कर धरून बँकेकडून हप्ता पुन्हा काढून घेतोय.

कपाशी

छान केलंत. हप्ता काढताना होमस्टेडची सूट धरून आणि न धरून, असे दोन्ही आकडे मागा. आणि ऑगस्टमध्ये काउंटीच्या कराच्या संकेतस्थळावर प्रत्येक संस्थेचा प्रस्तावित दर आणि सुनावणीची तारीख घरागणिक दिसते. या वर्षीच्या तारखा लागल्या की मी याच धाग्यावर टाकते. हटो आयएसडीच्या सुनावणीला कोण कोण येणार ते खाली लिहा, गाड्या एकत्र काढू.